आरशाने दूर ढकललेली लेन्स : डीएसएलआरसाठी वाइड अँगल झूम निवडण्यापूर्वी वाचावा असा इतिहास (थ्रेड)

कार्ल्याचे चैत्यगृह. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. आपल्या हाती नवा डीएसएलआर आणि त्याच्या खोक्यातच मिळालेली १८-५५ मि.मी.ची लेन्स. स्तंभ तिरके दिसू नयेत म्हणून आपण कॅमेरा उभा आणि अगदी समतल धरता. डोळा जमिनीपासून ५ फुटांवर, म्हणजे छत डोळ्याच्या ४० फूट वर. आता साधी त्रिकोणमिती करून पाहा. १८ मि.मी.वर आपल्यापासून ६१ फूट पुढे असलेले छत चौकटीच्या वरच्या कडेला प्रथम दिसू लागते. त्याच्या अलीकडचे सारे छत, त्याला बसवलेल्या मूळच्या लाकडी कमानींसह, छायाचित्रातून कापले जाते. म्हणजे जवळजवळ अर्धे दालन गेले.

त्याच जागी १० मि.मी.ची लेन्स लावली, तर हे अंतर ३४ फुटांवर येते.

लेणी, वाडे, मंदिरांचे सभामंडप यांची छायाचित्रे घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी या आकड्यांशी येऊन ठेपतो आणि मग विचारतो, "वाइड अँगल झूम कोणती घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतींच्या कोष्टकाने दिले जाते. आज आपण ते इतिहासाने देऊ. कारण दुकानात दिसणाऱ्या या लेन्स इतक्या मोठ्या का, इतक्या महाग का आणि त्यांच्यावरचे आकडे इतके विचित्र का, याचे मूळ दोन घटनांत आहे. पहिली म्हणजे कॅमेऱ्यात आलेला आरसा. दुसरी, १९९९ साली आलेला एक लहानसा सेन्सर.

पण आरंभ त्याच्याही आधीचा. इमारतींचे छायाचित्रण हे वाइड अँगल लेन्सचे पहिले गिऱ्हाईक होते. अरुंद रस्त्यात, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराला अधिक मागे जाता येत नाही. त्याच्यासाठी लेन्सनेच अधिक पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हॅरिसन आणि श्निट्झर यांनी १८६२ साली 'ग्लोब' लेन्सचे पेटंट घेतले. तिच्या पुढच्या व मागच्या काचांचे बाह्य पृष्ठ मिळून एक गोल पूर्ण होई, म्हणून हे नाव. १८६६ मध्ये लंडनच्या डालमायर यांनी सरळ रेषा सरळच ठेवणारी 'वाइड अँगल रेक्टिलिनियर' बाजारात आणली. याच दशकात, १८६४ साली, मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठा-वेरूळची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह 'द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया' या ग्रंथात लंडनला प्रसिद्ध झाली. आपल्या लेण्यांचे छायाचित्रण आणि वाइड अँगल लेन्स ही जवळजवळ समवयस्क भावंडे आहेत.

या घराण्यातील सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे १९०० सालची गोएर्झ कंपनीची 'हायपरगॉन'. काचेच्या दोनच खोलगट वाट्या, समोरासमोर ठेवलेल्या. दृश्यकोन सुमारे १३५ अंश! अडचण अशी की वाइड अँगल लेन्समध्ये प्रकाश कडेला झपाट्याने मंदावतो. कोनाच्या कोसाइनचा चौथा घात, असा तो नियम आहे. मध्यापासून ५० अंशांवर प्रकाश मध्याच्या जेमतेम एक षष्ठांश उरतो. हायपरगॉनच्या कडेला तर नगण्यच. यावर एमिल फॉन होएग यांचा उपाय असा : लेन्सपुढे चांदणीच्या आकाराचे एक छोटे चक्र बसवायचे, रबरी फुग्याच्या हवेने ते फिरवायचे, म्हणजे मधला प्रकाश अडेल आणि कडांना पुरेसा वेळ मिळेल, मग चक्र बाजूला करून उरलेला प्रकाश घ्यायचा. छायाचित्र काढताना लेन्सपुढे भिरभिरे फिरवणारा तो छायाचित्रकार डोळ्यांपुढे आणून पाहा.

या साऱ्या लेन्सचा एक समान गुण होता. त्या फिल्मच्या अगदी निकट बसत. लुडविग बेर्टेले यांनी १९५०च्या दशकात त्साइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी रचलेली २१ मि.मी.ची बायोगॉन तर मागच्या बाजूने फिल्मला जवळजवळ टेकत असे. चित्र अप्रतिम. मध्ये काही अडथळाच नव्हता ना!

अडथळा आणला तो एसएलआर कॅमेऱ्याने. लेन्समधून येणारा प्रकाश वरच्या काचेकडे वळवून छायाचित्रकाराला नेमके तेच दृश्य दाखवायचे, तर लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हवा, आणि त्याला वर उचलले जाण्यापुरती मोकळी जागा हवी. म्हणून लेन्सची बैठक फिल्मपासून बरीच दूर सरकली. निकॉनच्या एफ बैठकीत हे अंतर ४६.५ मि.मी. आहे, कॅननच्या ईएफ बैठकीत ४४ मि.मी. आता २० मि.मी.ची साधी लेन्स फिल्मपासून सुमारे २० मि.मी.वर असायला हवी. पण तिथे आरसा बसलेला! १९५९ मध्ये निकॉन एफ आला, तेव्हा त्याच्या २१ मि.मी.च्या लेन्ससाठी आरसा कायमचा वर अडकवून ठेवावा लागे आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा दृश्यदर्शक लावावा लागे. ज्या सोयीसाठी एसएलआर घ्यायचा, तीच सोडून द्यायची.

तोडगा मात्र आधीच निघालेला होता, आणि तो सिनेमातून आला होता. १९३०च्या दशकातील टेक्निकलर कॅमेऱ्यात रंग वेगळे करणारा प्रिझम लेन्सच्या मागे बसे. त्याला जागा मिळावी म्हणून इंग्लंडच्या टेलर हॉब्सन कंपनीतील एच. डब्ल्यू. ली यांनी दुर्भिंगी लेन्सची रचना उलटी केली : पुढे प्रकाश पसरवणारा अंतर्वक्र काचांचा गट, मागे तो एकवटणारा बहिर्वक्र गट. त्यामुळे लेन्सचे नाभीय अंतर लहान, पण तिच्या मागची मोकळी जागा मोठी. १९५० साली फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी हेच तत्त्व ३५ मि.मी. एफ/२.५ लेन्सच्या रूपाने छायाचित्रकारांच्या हाती दिले आणि तिला 'रेट्रोफोकस' असे नाव ठेवले. ते नाव पुढे संपूर्ण जातीलाच चिकटले. वाइड अँगल झूमच्या तोंडाशी जी भलीमोठी, फुगीर काच दिसते ना, ती याच उलट्या रचनेची खूण. आरशाने लेन्सला दूर ढकलले, त्याची ही भरपाई.

झूमची कथा थोडक्यात सांगतो. व्हिएन्नात जन्मलेल्या फ्रँक बॅक यांच्या रचनेची ३६-८२ मि.मी.ची 'झूमार' १९५९ मध्ये फोइग्टलेंडरने विक्रीस आणली. स्थिरचित्रणाच्या एसएलआरसाठीची ती पहिली झूम. १९६३ची निकॉनची ४३-८६ अमाप खपली, पण सरळ रेषा वाकवण्याबद्दल ती आजही बदनाम आहे. वाइड अँगलकडे झूम हळूहळूच सरकली. निकॉनची २८-४५ आली १९७५ मध्ये, कॅननची २०-३५ एफ/२.८ आली १९८९ मध्ये, आणि १९९६ मध्ये कॅननच १७-३५पर्यंत पोहोचले. रेट्रोफोकसची असमतोल रचना, त्यात पुन्हा आतले काचगट सरकणार, आणि प्रत्येक स्थितीत दोष काबूत ठेवायचे. अगोलीय काचा आणि संगणकावरील आकडेमोड यांवाचून हे साधणे अवघड होते.

आता १९९९कडे या. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे मानावयाचे, तर या वर्षाइतका चांगला पुरावा नाही. त्या वर्षी निकॉनने आपली १७-३५ मि.मी. एफ/२.८ ही उत्कृष्ट वाइड अँगल झूम आणली. आणि त्याच वर्षी डी१ हा डीएसएलआरही आणला, ज्याच्या सेन्सरची लांबी-रुंदी होती फक्त २३.७ × १५.६ मि.मी. फिल्मची चौकट ३६ × २४ मि.मी. सिलिकॉनचा तुकडा जितका मोठा, तितकी त्यात दोष निघण्याची शक्यता अधिक आणि किंमतही अधिक. म्हणून हा लहान आकार. पण परिणाम असा झाला, की ती नवी कोरी १७-३५ या कॅमेऱ्यावर लावताच फिल्मवरच्या सुमारे २५-५२ इतकेच दृश्य दाखवू लागली. चाळीस वर्षे खपून मिळवलेला रुंद कोन एका फटक्यात कापला गेला.

तो परत मिळवण्याची धडपड म्हणजे आज आपण ज्यातून निवड करतो ती सगळी यादी. २००३ मध्ये निकॉनची १२-२४ एफ/४, २००४ मध्ये कॅननची १०-२२, २००५ मध्ये सिग्माची १०-२०, २००८ मध्ये टोकिनाची ११-१६ एफ/२.८ आणि टॅमरॉनची १०-२४, २०१४ मध्ये कॅननची स्वस्त, हलकी १०-१८, २०१७ मध्ये निकॉनची १०-२०. या बहुतेक लेन्स लहान सेन्सरपुरतेच प्रतिमेचे वर्तुळ पाडतात. कॅननने तर ईएफ-एस बैठकीत लेन्सचा मागचा भाग अधिक आत घुसू दिला, कारण लहान सेन्सरचा आरसाही लहान असतो. म्हणूनच ईएफ-एस लेन्स पूर्ण चौकटीच्या कॅननवर बसतच नाही.

तेव्हा पहिला प्रश्न लेन्सचा नाहीच. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कोणता? पूर्ण चौकटीचा असेल तर १६-३५ किंवा १७-३५ हीच खरी वाइड अँगल झूम. लहान असेल तर 'मोठी कंपनी, मोठी किंमत' म्हणून १६-३५ घेणे म्हणजे १९९९ची चूक पुन्हा करणे.

दुसरी गोष्ट, १० आणि १२ यांतील फरक. २ मि.मी. म्हणजे क्षुल्लक, असे वाटते. ५५ आणि ५७ मध्ये तो क्षुल्लकच आहे. पण निकॉनच्या लहान सेन्सरवर १० मि.मी.चा आडवा दृश्यकोन सुमारे ९९ अंश, १२चा ८९, तर १८चा ६६. रुंद टोकाला प्रत्येक मिलिमीटर जवळपास ५ अंशांचा पडतो. अरुंद वाड्याच्या चौकात हे १० अंश म्हणजे एक संपूर्ण सोपा.

एफ/२.८चा मोह मात्र आवरावा. प्रस्तुत लेखकाने तो आवरला नाही. मोठ्या छिद्रासाठी जादा पैसे मोजले, दोन हिवाळे ते वजन गडांवर वाहिले आणि घरी येऊन पाहतो तो बहुतेक छायाचित्रे एफ/८वर घेतलेली! वास्तूच्या चित्रात पायथ्याच्या दगडापासून शिखरापर्यंत सारे स्पष्ट हवे असते, तेव्हा छिद्र लहानच ठेवले जाते. रात्रीचे आकाश टिपणाऱ्यांची गोष्ट निराळी; त्यांना एफ/२.८ खरोखरच लागते. लेण्यांतील अंधारात, जिथे तिपाईसाठी आधी परवानगी काढावी लागते आणि अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅशला बंदी असते, तिथे कंपन-निवारण अधिक कामाचे. २०१४ची कॅनन आणि २०१७ची निकॉन या दोन्ही स्वस्त लेन्समध्ये ते आहे, हे विशेष.

जुनी लेन्स घेताना मोटरची चौकशी अवश्य करा. २००६चा डी४० आणि त्यानंतरचे निकॉनचे अनेक प्राथमिक कॅमेरे यांच्यात फोकसची मोटर नाही. टोकिना ११-१६ची पहिली आवृत्ती त्यांच्यावर आपोआप फोकस करीत नाही, तिथे मोटरसह आलेली दुसरी आवृत्ती हवी. उलट बाजूही आहे : निकॉनची २०१७ची एएफ-पी लेन्स डी९०सारख्या जुन्या कॅमेऱ्यांशी जुळत नाही.

आणि एक इशारा, इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स गोल वस्तू कडेला ताणते. मध्यापासून ५० अंशांवर हा ताण दीडपटीहून अधिक असतो. कार्ल्याच्या स्तंभांच्या तळाशी असलेले गोल कुंभ चौकटीच्या कोपऱ्यात लंबगोल भोपळ्यासारखे दिसू लागतात. शिवाय आपण जवळ उभे राहतो म्हणून पुढचा स्तंभ अजस्र आणि स्तूप ठेंगणा, दूरचा भासतो. समाजमाध्यमावर अशी चित्रे फार भाव खातात. पण स्तंभांची प्रमाणे पुढे कोणी त्यावरून अभ्यासणार असेल, तर एक चित्र १० मि.मी.वर घ्या आणि शिल्प मध्यभागी ठेवून दुसरे १८-२० मि.मी.वर, लांबून. झूमचा खरा लाभ इथे आहे : धुळीत लेन्स न बदलता दोन्ही मिळतात.

२०१८ पासून निकॉन आणि कॅनन या दोघांनीही पूर्ण चौकटीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे मोहरा वळवला. आरसा गेला, निकॉनच्या झेड बैठकीत लेन्स सेन्सरपासून १६ मि.मी.वर आली. डीएसएलआरच्या वाइड अँगल झूम त्यामुळे वापरलेल्या मालाच्या बाजारात मोठ्या संख्येने येत आहेत. विद्यार्थ्याच्या खिशाला ही सुवार्ताच. विकत घेण्यापूर्वी एवढे करा : उघड्या विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा तिपाईवर अगदी समांतर लावा, सर्वांत रुंद टोकाला, छिद्र पूर्ण उघडे ठेवून एक चित्र घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. सगळे कोपरे सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची जात आहे. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे. ती लेन्स परत करा. मग एफ/८वर तेच चित्र पुन्हा घ्या.

आपल्या भिंतीचे चित्र खाली टाका. कोपरे मिळून पाहू.