नोकरभरती : पात्रता-पडताळणी व समान संधीची नोंद

उमेदवार एखाद्या पदाला कायद्याने पात्र आहे की नाही हे कागदपत्रांवरून तपासणे म्हणजे पात्रता-पडताळणी. आस्थापनेत कोणत्या समाजघटकाला किती जागा मिळाल्या याची मोजदाद ठेवणे म्हणजे समान संधीची नोंद. महाराष्ट्रात पहिली व्यवस्था फार विस्तारली आहे. दुसरी सरकारी कचेऱ्यांपुरती नीट चालते आणि कारखान्यांच्या बाबतीत विरळ होते. प्रस्तुत नोंदीत पालघर जिल्ह्याचे, विशेषतः शिरगाव-सातपाटीची किनारपट्टी आणि बोईसर-तारापूर औद्योगिक पट्टा यांचे उदाहरण घेतले आहे. जिल्हा परिषद, अणुऊर्जा केंद्र, औद्योगिक वसाहत आणि ठेकेदार या चारही वाटांनी होणारी भरती येथे एकाच तालुक्यात पाहायला मिळते.

पूर्वपीठिका : कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेल्या आदेशाने संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. या आदेशातील राखीव जागांचा उल्लेख सर्वत्र होतो. खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे, हे त्यातील कलम मात्र सहसा सांगितले जात नाही. नेमणाऱ्या अधिकाऱ्याकडून हिशोब मागण्याची ही तरतूद राखीव जागांइतकीच महत्त्वाची आहे. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने (१९३०) दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा हे या समितीचे सदस्य होते.

जात पडताळणी : राज्यातील पात्रता-तपासणीचा हा सर्वांत मोठा व सर्वाधिक दस्तऐवजांचा भाग आहे. १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्या व दक्षता पथके यांची रूपरेषा घालून दिली. हा खटला प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हता. तरी पुढील सर्व भरतीप्रक्रिया त्यावर उभी राहिली. शाळेच्या दप्तरातील ‘हिंदू कोळी’ या नोंदीवरून महादेव कोळी या अनुसूचित जमातीचा दावा सिद्ध होतो का, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. पालघरच्या किनाऱ्यावर हा प्रश्न घरोघरचा आहे. महादेव कोळी व मल्हार कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर मच्छीमार कोळी विशेष मागास प्रवर्गात. आणि जुन्या मास्तरांनी रजिस्टरात नुसते ‘कोळी’ लिहिलेले असते. नोंद करणाऱ्याला प्रवर्ग ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण तेव्हा ते प्रवर्ग अस्तित्वात आलेले नव्हते.

महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र देण्याचे व पडताळणीचे विनियमन करणारा अधिनियम (२००१ चा २३) १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. दावा सिद्ध करण्याचा भार त्याने अर्जदारावर टाकला. पुराव्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीची नोंद वडिलांकडील रक्तनातेवाईकाची लागते. विवाहित स्त्रीलाही माहेरचीच कागदपत्रे जोडावी लागतात. वंशावळीचे शपथपत्र, आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत असा हा संच असतो. कोतवाल बुकातील एका ओळीत मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि ‘मुलगा’ एवढेच असते. तो मुलगा म्हणजेच आपला आजोबा, हे मग दुसऱ्या कागदाने जुळवावे लागते. ज्या कातकरी वा वारली कुटुंबात १९५० पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्यांच्यापाशी हा संच होत नाही. सर्वाधिक वंचित घरालाच पुरावा सर्वांत अवघड जावा, हा या पद्धतीतील गंभीर दोष होय.

कागद अपुरे पडले की दक्षता पथक आप्तभाव चाचणी घेते : कुलदैवत, लग्नविधी, अंत्यविधी, बोली, आडनावे यांची विचारणा होते. बोईसरच्या चाळीत वाढलेल्या आणि बारावी विज्ञान शिकलेल्या मुलीला तिच्या पणजीच्या काळातील विधी विचारून तिची जमात ठरवणे कितपत रास्त, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. २४ मार्च २०२३ रोजी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांचे पुरावामूल्य अधिक मानले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खोट्या दाखल्यांवर अनेकांनी आदिवासींच्या जागा वर्षानुवर्षे अडवल्या. ६ जुलै २०१७ च्या जगदीश बहिरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दावा अवैध ठरल्यावर केवळ दीर्घ सेवेच्या आधारे संरक्षण मिळणार नाही, असे ठरवले. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग केले. रिक्त झालेल्या मूळ पदांवरील भरती रेंगाळली, अशी आदिवासी संघटनांची तक्रार आहे.

अनुसूचित क्षेत्र (पेसा) : पालघर तालुक्याचा काही भागच अनुसूचित क्षेत्रात मोडतो, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके पूर्णतः. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, वनरक्षक आदी पदे या क्षेत्रात स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरावयाची झाली. त्यामुळे जात वैधता प्रमाणपत्राबरोबर रहिवासाचा पुरावाही आला. न्यायालयीन वादामुळे भरती थांबल्यावर २०२४ मध्ये निवड झालेल्यांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्यात आल्या.

बिंदूनामावली : सरकारी आस्थापनेची मोजदाद या नोंदवहीत होते. प्रत्येक पद कोणत्या प्रवर्गासाठी, त्यावर कोण, त्याच्या वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक काय, हे तीत असते. पालघरच्या कार्यालयांना ती कोकण विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तपासणीशिवाय भरतीचे मागणीपत्र पुढे सरकत नाही.

दिव्यांग व्यक्ती : २०१६ च्या अधिनियमातील कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे असते.

तृतीयपंथी व्यक्ती : २०१९ चा अधिनियम लागू.

स्थानिकांना रोजगार : ‘मार्मिक’ साप्ताहिकाने १९६० च्या दशकात मुंबईतील कंपन्यांमधील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. खासगी क्षेत्राची ही गाजलेली मोजणी होती, पण ती आडनावांवरून केलेली. मुंबईत दोन पिढ्या राहिलेला तमिळ कारकून तीत परकाच ठरत होता. शासनाची कसोटी याहून वेगळी, रहिवासाची आहे : राज्यात १५ वर्षे वास्तव्य, म्हणजे डोमिसाईल. उद्योग विभागाच्या १७ नोव्हेंबर २००८ च्या निर्णयानुसार पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के व इतर पदांवर ८० टक्के स्थानिक असावेत. शासकीय प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगांना ही अट प्रत्यक्षात जाणवते. स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा देणारा हरियाणाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राची तरतूद कायद्याची नसून शासन निर्णयाची आहे. शिरगाव-पालघरच्या तरुणांना मात्र ‘स्थानिक’ म्हणजे तालुक्यातला, हाच अर्थ अभिप्रेत असतो, आणि १५ वर्षांच्या दाखल्याने तो साधत नाही.

प्रकल्पग्रस्त : तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवली गेली. नोकऱ्यांच्या आश्वासनांविषयी ग्रामस्थ व प्रशासन यांची बाजू भिन्न आहे.

खासगी आस्थापनांची विवरणे : सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) अधिनियम, १९५९ अन्वये (तो २०२५ पर्यंत लागू होता) २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी तिमाही ईआर-१ विवरणपत्र भरावयाचे असे. त्यात स्त्री व पुरुष कामगारांची संख्या येई, जात येत नसे. रिक्त पद कळवणे बंधनकारक होते, पण कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेणे बंधनकारक नव्हते. खासगी मालकाला जातनिहाय मोजणी करायला लावणारा कायदा भारतात नाही. २००६ नंतर उद्योगसंघटनांनी स्वेच्छा-संहिता स्वीकारल्या. याउलट उत्तर आयर्लंडमध्ये ११ वा अधिक कर्मचारी असलेला प्रत्येक मालक कामगारांपैकी प्रोटेस्टंट व कॅथलिक किती, याचे वार्षिक विवरण देतो. कोणी उत्तर टाळल्यास तो कोणत्या शाळेत शिकला यावरूनही समाज ठरवता येतो. शाळेचे दप्तर तेथेही पुरावा ठरते. फरक एवढाच की ते मिळवण्याची जबाबदारी तेथे मालकावर असते.

ठेकेदारी : बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागणाऱ्या कामगाराकडे आधार कार्ड, बँक पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचा जुना यूएएन क्रमांक आणि क्वचित पोलीस व्हेरिफिकेशन एवढेच मागितले जाते, जात वा डोमिसाईल विचारण्याचे कारण पडत नाही. हे कामगार ८० टक्क्यांच्या हिशोबात कोणाच्या बाजूला धरावेत, हा वाद जुना आहे. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० (तोही २०२५ पर्यंत लागू होता) खालील नमुना १३ च्या नोंदवहीत प्रत्येक कामगाराच्या कायमच्या पत्त्याचा, गाव-तालुका-जिल्ह्यासह, स्वतंत्र रकाना होता. भरतीत कोण कुठून आले हे सांगणारी माहिती त्या रकान्यात असे. स्थानिकांची टक्केवारी काढताना तो वापरण्यास तांत्रिक अडचण काहीच नव्हती.