केंडाच्या फुगण्याची कुळकथा

इंदूरच्या तुकोगंजातून समुद्र दूर खरा, पण तिथून नर्मदेच्या बाजूला उतरून धार जिल्ह्यातल्या बाघला गेलात, की तिथल्या चुनखडकात सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवांचे जीवाश्म आढळतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी या खोऱ्यात समुद्र शिरला होता. अशाच सी अर्चिनांच्या शिकारीचा धागा काटेरी केंडाच्या फुगण्यापर्यंत पोचतो. हा मासा, म्हणजे लिनियसने १७५८ साली नोंदवलेला डायोडॉन, संकट दिसले की घोटावर घोट पाणी पोटात दाबतो, जवळपास तिप्पट फुगतो आणि अंगालगत मिटलेले काटे ताठ उभे राहतात. शत्रूच्या भीतीपोटी ही विद्या आली, असे सहज वाटते. भीतीने ती टिकवली असेल. तिचा उगम मात्र खोकल्यात आहे.

मासे खोकतात. कल्ल्यांत कचरा अडकला की पाण्याचा प्रवाह उलटवून तो तोंडावाटे बाहेर टाकतात. केंडाचे भाऊबंद असलेले ट्रिगरफिश याच हिसक्याने पाण्याची पिचकारी मारतात, वाळूत दडलेले भक्ष्य उघडे पाडतात, सी अर्चिनाला उलटवून त्याची मऊ बाजू गाठतात. संशोधक वेनराइट आणि तुरिंगन यांनी १९९७ साली खोकणे, पिचकारी मारणे आणि फुगणे या तिन्ही क्रियांची सांगड घालून एकीतून दुसरी आल्याचे मांडले. केंडाने एवढेच केले, की तोंडात दाबलेले पाणी बाहेर न सोडता पोटात ढकलले.

यावर आक्षेप येईल: अर्धवट फुगणारा मासा कुणाच्या पोटात जायचा वाचला असता? प्रश्न रास्त आहे, पण पिचकारीला फुगण्याची वाट पाहावी लागली नाही; तिच्यावर आधीच पोट भरत होते. दुसरा आक्षेप, हे वरवरचे साम्य असेल. तसे असते तर या एका करामतीसाठी शरीराने एवढी किंमत मोजली नसती. केंडाला बरगड्या नाहीत आणि त्याच्या जठराने पचनाचे काम सोडून दिले आहे. लांब काटे नसलेले साधे केंडही फुगतात, तेव्हा फुगण्याचे श्रेय काट्यांना देता येत नाही.

ही सगळी यंत्रणा पाण्यासाठी घडली आहे. पाण्याबाहेर केंड हवा गिळतो, ती त्याला सहज सोडता येत नाही आणि तो मरू शकतो. कोकणात फिरायला गेलात आणि रापणीच्या जाळ्यात केंड दिसला, तर फोटोसाठी त्याला डिवचू नका, लगेच पाण्यात सोडायला सांगा. अनेक केंडांच्या अंगात घातक विष असते. खाण्याचा विचारही नको.