उजेडाचा कोन आणि शेजाऱ्याची हरकत

शेजारच्या भूखंडावर उंच इमारत उठणार असे कळले की जुन्या रहिवाशांच्या अर्जात काही ठरावीक वाक्ये येतात. उजेड अडेल, वारा कोंडेल, पाणी पुरणार नाही, आणि शेवटी ‘वस्तीचे स्वरूप बदलेल’. ही वाक्ये आपण एक तर स्वार्थाची म्हणून उडवून लावतो, नाही तर पर्यावरणाची म्हणून डोक्यावर घेतो. आम्हांला मात्र त्यांच्याकडे आधी इतिहासाचे साहित्य म्हणून पाहावेसे वाटते. मुंबईपुरता तरी हा इतिहास एका साथीपाशी जाऊन पोचतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग कशाने पसरतो याविषयी तेव्हा एकमत नव्हते. परंतु अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर सर्वांचाच रोष होता. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाने दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि या कामात जितकी माणसे उठवली तितकी वसवली नाहीत. हा आक्षेप न्यासावर तेव्हापासून आहे आणि तो खरा आहे. परंतु न्यासाने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही: त्याने उजेडाला एक मोजमाप दिले.

न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० नंतरच्या वर्षांत साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. खोलीतून वर आकाशाकडे या कोनात रेषा काढली, तर ती समोरच्या इमारतीत अडकता कामा नये. साध्या भाषेत, समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. हा आकडा मुंबईत जन्मला नव्हता. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात तो इमारतीच्या मागील बाजूसाठी आधीच आला होता. तरीही, शेजाऱ्याची कुरकुर येथे प्रथमच भूमितीच्या भाषेत बोलू लागली असे म्हणता येईल. याआधी त्याच्या हाती होता तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा, जो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. खिडकीतून वीस वर्षे निर्वेध उजेड आला असेल तर त्यावर हक्क प्राप्त होतो, असे तो म्हणतो. दृश्यावर मात्र हक्क नाही. समुद्र दिसेनासा झाला, टेकडी झाकली गेली, तर न्यायालय हळहळेल एवढेच.

आता या कहाणीतील खरी गंमत. आज जे दादर-माटुंग्याचे रहिवासी टॉवरविरुद्ध बोलतात, त्यांची वस्ती स्वतःच एक ‘प्रस्तावित’ वस्ती होती. न्यासाने तेथील जमीन सक्तीने संपादन केली आणि भूखंड पाडले. तेथे उभी राहिली ती स्वयंपूर्ण फ्लॅटची नवी घरे. १९१५ मध्ये गावदेवीत तालमकींच्या पुढाकाराने सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली, तेव्हा असे घर मध्यमवर्गाला नवेच होते. शौचकूप घराच्या आत, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर, ही कल्पना सोवळ्याओवळ्याच्या मनाला मानवणारी नव्हती. चाळीत तो प्रश्न गॅलरीच्या टोकाशी सुटत असे. म्हणजे अपार्टमेंटविषयीची पहिली धास्ती शेजारच्या इमारतीची नव्हती, आपल्याच इमारतीची होती.

शिवाय या वसाहती जातवार, समाजवार वसल्या. दादरच्या पारशी वसाहतीमागे मंचेरजी जोशी या अभियंत्याची चिकाटी होती. तेथील सुबक उंची आणि बागा यांचे कौतुक आम्हीही करतो. पण ‘वस्तीचे स्वरूप’ या शब्दांत उंचीबरोबर माणसेही मोजली जातात, हे नजरेआड करता येत नाही. हरकतीच्या अर्जात पाण्याचा दाब लिहिलेला असतो, आणि ओळींच्या मधे ‘कोण राहायला येणार?’ हा प्रश्न. अर्ज वाचताना दोन्ही वाचावेत. दुसऱ्यामुळे पहिला खोटा ठरत नाही. नळाला पाणी खरोखरच कमी येते.

पुढचा भाग परिचित आहे म्हणून थोडक्यात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. १९९१ च्या नियमावलीतील ३३(७) या कलमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्राचे आमिष दिले. बेटावर सर्वसाधारण निर्देशांक १.३३, आमिष त्याहून बरेच मोठे. जुन्या भाडेकरूला फुकट घर मिळे, आणि त्या घराची किंमत शेजारच्या गल्लीतील उजेडातून वसूल होई. एकाची सुटका ती दुसऱ्याची सावली, असा हा व्यवहार आहे, आणि त्यात खलनायक शोधणे फारसे सोपे नाही. २०१२ मध्ये वारसा यादीत शिवाजी पार्कचा समावेश सुचवला गेला, तेव्हा तेथील अनेक रहिवाशांनीच विरोध केला. आपला पुनर्विकास अडेल, ही त्यांची भीती होती.

कायद्यात शेजाऱ्याची जागा कोठे आहे? १९६६ चा नगररचना कायदा विकास आराखड्यावर हरकती मागवतो. २०१५ मध्ये मुंबईच्या मसुद्यावर हजारोंनी आल्या आणि तो मसुदा नव्याने करावा लागला. परंतु एकेका इमारतीच्या परवानगीसाठी शेजाऱ्यास विचारण्याची तरतूद त्यात नाही. नकाशाविषयी बोलता येते. भिंतीविषयी कळते ते भूखंडाभोवती पत्रे लागल्यावर.

मराठी साहित्याने या व्यवहाराची एकच बाजू मनापासून लिहिली, असे आमचे मत आहे. ‘बटाट्याची चाळ’मधील शेवटचे चिंतन हा जाणाऱ्या वास्तूचा शोक आहे, आणि त्याचे अनुकरण आपल्याकडे उदंड झाले. मात्र येणाऱ्या इमारतीसमोरच्या खिडकीत बसून अर्जाचा मसुदा लिहिणारा गृहस्थ, त्याची भीती, त्याचा थोडासा ढोंगीपणा आणि त्याची अगदी खरी अंधारलेली खोली, हे पात्र आमच्या वाचनात क्वचितच आले. त्याने विरोध केलेली इमारत बहुधा उभी राहतेच. तिच्या खिडक्यांत वीस वर्षे निर्वेध उजेड आला की १८८२ च्या त्याच कायद्याने तो तिच्या रहिवाशांच्या हक्काचा होतो, आणि पुढच्या भूखंडावरील इमारतीविरुद्धचा अर्ज ते लिहितात.