सिरपूरची वंशावळ : एका गोंड राजकुळाचा शोध



वंशावळ हा विषय बहुतेकांना दोनच प्रसंगी आठवतो : लग्नाची बोलणी चालू असताना आणि जमिनीचा वाद उभा राहिल्यावर. राजघराण्यांचेही याहून फारसे निराळे नसते. आपण कोणाच्या पोटी आलो हे राजा सांगतो, तेव्हा या भूमीवर आपला अधिकार कसा, हेच तो प्रजेला सांगत असतो. म्हणून राजवंशाच्या याद्या वाचताना त्यांत काय लिहिले आहे, याबरोबर ते कोणी आणि कशासाठी लिहिले, हेही विचारावे लागते.

आजच्या व्याख्यानासाठी मी आपल्या भागातलेच उदाहरण निवडले आहे. सिरपूर म्हटले की आपल्याला कागदाची गिरणी आठवते. परंतु चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी हेच सिरपूर, अशी परंपरा आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले आणि सिरपूर आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. या राजांचा मुख्य दुर्ग मानला जाणारा माणिकगड राजुरा भागात आहे. हा भाग १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबादलाच जोडलेला होता. आज तो महाराष्ट्रात आहे. राजधानी एका राज्यात आणि किल्ला दुसऱ्या राज्यात, अशी या राजकुळाची आजची स्थिती आहे. त्यामुळे चंद्रपूरकर त्याचा इतिहास चंद्रपूरपासून सुरू करतात, आणि तेलंगणात त्याचा उल्लेख ओझरताच होतो.

एकोणीस नावे आणि आठशे एक्याऐंशी वर्षे

चांद्याच्या राजांची जी यादी आज सर्वत्र उद्धृत होते, ती मुख्यतः मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९च्या जमाबंदी अहवालात नोंदवलेल्या परंपरेवर उभी आहे. तिचा आरंभ भीम बल्लाळसिंह याच्यापासून, सुमारे इसवी सन ८७० मध्ये होतो. त्यानंतर खर्जा बल्लाळसिंह, हीरसिंह, अंदिया बल्लाळसिंह, तलवारसिंह, केसरसिंह, दिनकरसिंह, रामसिंह आणि सुरजा बल्लाळसिंह ही नावे येतात. दहावा खांडक्या बल्लाळशाह. अंगावरच्या व्याधीमुळे हा राजा सिरपूर सोडून बल्लारपूरला आला, झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला आणि राणीच्या सल्ल्याने त्याने चंद्रपूर वसवले, ही कथा सुपरिचित आहे. पुढे हीरशाह, एकत्र राज्य केलेले भूमा व लोकबा, कोंड्याशाह, बाबाजी बल्लाळशाह, धुंड्या रामशाह, कृष्णशाह, बीरशाह, रामशाह आणि शेवटचा नीळकंठशाह. रघुजी भोसले यांनी १७५१ साली नीळकंठशाहाला पदच्युत केले आणि चांद्याचे राज्य नागपूरकरांच्या ताब्यात गेले.

जोडराज्य एकच धरले, तर ही एकोणीस नावे होतात. ८७० ते १७५१ म्हणजे ८८१ वर्षे. भागाकार केला तर प्रत्येक राजाच्या वाट्याला सरासरी ४६ वर्षांहून अधिक कारकीर्द येते. एखादा राजा पन्नास वर्षे राज्य करू शकतो. ओळीने एकोणीस राजांनी तशी सरासरी राखली, हे मात्र पटत नाही. शिवाय ८७० साली दख्खनमध्ये राष्ट्रकूट अमोघवर्षाची सत्ता होती. तेव्हा यादीत कोठेतरी नावे गळाली असावीत, किंवा काळ ताणला गेला असावा.

हे कोडे फक्त आपल्याच राजकुळाचे नाही. दीड हजार वर्षांपूर्वी युरोपात रोमचे पश्चिम साम्राज्य मोडले आणि त्याच्या भूमीवर नव्या जमातींची राज्ये उभी राहिली. त्यांपैकी ऑस्ट्रोगॉथ आणि फ्रँक या दोन राजकुळांच्या वंशावळी पाहिल्या, तर आपली यादी कशी वाचावी याची काही दिशा मिळते.

गॉथांच्या सतरा पिढ्या

ऑस्ट्रोगॉथांचा थोर राजा थिओडोरिक याने इ. स. ४९३ ते ५२६ पर्यंत इटलीवर राज्य केले. तो आणि त्याचे योद्धे गॉथ होते. प्रजा बहुसंख्येने रोमन होती. या राजाच्या पदरी कॅसिओडोरस नावाचा विद्वान रोमन अधिकारी होता. त्याने गॉथांचा इतिहास लिहिला आणि राजाच्या अ‍ॅमल घराण्याची वंशावळ रचली. मूळ ग्रंथ नष्ट झाला. त्याच्या आधारे जॉर्डेनिसने इ. स. ५५१च्या सुमारास लिहिलेला ग्रंथ तेवढा उरला आहे. त्यात गाप्त या मूळ पुरुषापासून थिओडोरिकचा नातू अथलॅरिक याच्यापर्यंत बरोबर सतरा पिढ्या आहेत.

सतराच का? रोमन परंपरेत ट्रॉयहून आलेला ईनिअस आणि रोमचा संस्थापक रोम्युलस यांच्यामध्येही सतरा राजे मोजण्याची एक पद्धत होती. आधुनिक अभ्यासकांनी हे साम्य दाखवून दिले आहे. रोमन सरदारांना परका वाटणारा राजा त्यांच्याच पूर्वजांच्या तोडीचा ठरावा, हा त्यामागचा हेतू उघड आहे. दुसरा हेतू घरातला होता. थिओडोरिकला मुलगा नव्हता. त्याने कन्या अमलसुंथा हिचा विवाह युथारिक या सरदाराशी लावला, आणि वंशावळीत हा जावईही अ‍ॅमल कुळाच्याच दूरच्या शाखेतला ठरला.

यावरून ही वंशावळ सर्वस्वी कल्पित आहे असे मात्र म्हणता येणार नाही. थिओडोरिक, त्याचा बाप आणि दोन चुलते ही माणसे इतिहासाला ठाऊक आहेत. जसजसे वर जावे, तसतशी माणसे विरळ होतात आणि राजाची गरज दाट होत जाते.

समुद्रातला पशू आणि सोन्याची मुद्रा

फ्रँकांच्या राजकुळाला मेरोवेक या पूर्वजावरून मेरोविंगियन म्हणतात. सहाव्या शतकातील इतिहासकार, तूरचा धर्मगुरू ग्रेगरी, मेरोवेकविषयी जपून लिहितो : क्लोडिओ राजाच्या कुळातला तो होता, असे काहीजण म्हणतात. पुढे सातव्या शतकातील एका बखरीत मात्र क्लोडिओची राणी समुद्रस्नानाला गेली असता एका सागरी पशूशी तिची गाठ पडल्याची आणि त्यानंतर मेरोवेकचा जन्म झाल्याची कथा येते. शंभर वर्षांत माणसाच्या जागी अद्भुत आले. राज्य जसे मोठे होत गेले, तसा मूळ पुरुषही मोठा होत गेला.

परंतु या मेरोवेकचा मुलगा मानला जाणारा चिल्डेरिक याच्याविषयी शंका घेता येत नाही. १६५३ साली आजच्या बेल्जियममधील तूर्ने या गावी त्याची कबर सापडली आणि तीत त्याचे नाव कोरलेली सोन्याची मुद्रा मिळाली. ती मूळ मुद्रा १८३१ मध्ये पॅरिसहून चोरीला गेली. तिची नक्कल शिल्लक आहे. चिल्डेरिकचा मुलगा क्लोव्हिस, आणि क्लोव्हिसची बहीण ऑडोफ्लेडा ही थिओडोरिकची राणी. अमलसुंथा ही तिचीच मुलगी. म्हणजे गॉथ आणि फ्रँक यांच्या दोन वंशावळी या एका विवाहाने जोडल्या गेल्या.

इतिहासकाराला वंशावळीत असा एक खुंटा लागतो. घराण्याबाहेरच्या पुराव्याने सिद्ध झालेले एक नाव मिळाले, की त्याच्या खालची यादी बरीचशी भरवशाची ठरते आणि वरची यादी जपून वाचावी लागते.

आपला खुंटा : बाबाजी बल्लाळशाह

चांद्याच्या यादीत असा खुंटा आहे. अबुल फझलच्या आइन-इ-अकबरीत, वऱ्हाडच्या सुभ्याच्या वर्णनात, चांद्याच्या बाबाजी या गोंड राजाचा उल्लेख आहे. त्याच्याजवळ एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे तेथे म्हटले आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. मोगल दरबारातल्या लेखकाला गोंडांचा वंश फुगवण्याचे काही कारण नव्हते.

आता याच नावापासून मोजू. यादीत बाबाजी चौदावा आहे. त्याच्यापासून नीळकंठशाहापर्यंत सहा राजे आणि सुमारे दीडशे-पावणेदोनशे वर्षे. म्हणजे दर कारकिर्दीला पंचवीस ते तीस वर्षे. हे स्वाभाविक आहे. हेच प्रमाण ठेवून बाबाजीच्या आधीच्या तेरा राजांसाठी मागे गेलो, तर आरंभ बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोठेतरी येतो. ही सरासरी आहे, पुरावा नव्हे. तरी ८७० पेक्षा हा काळ अधिक सयुक्तिक आहे. देवगिरीचे यादव आणि वरंगळचे काकतीय या दोन सत्तांच्या सीमेवरच्या रानात एक गोंड सत्ता आकार घेत होती, असे चित्र त्यातून उभे राहते. या दोन्ही सत्ता चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात लयाला गेल्या. त्यानंतर सिरपूरच्या राजांना विस्ताराला वाव मिळाला असल्यास नवल नाही.

नावांतही इतिहास आहे. यादीतील पहिले राजे ‘सिंह’ आहेत, पुढचे ‘शाह’ आहेत. उत्तरेतील मुसलमानी सत्तेशी संबंध आल्याची ही खूण. थिओडोरिकने रोमन रीत स्वीकारली, तशी सिरपूरकरांनी आपल्या काळातील राजभाषेची पदवी स्वीकारली.

आणखी एक गोष्ट. वंशावळ पुरुषांच्या नावांनी लिहिली जाते. पण ती तुटायला आली की बहुधा एखादी स्त्री ती सांधते. बीरशाहाच्या वधानंतर राणी हिराईने रामशाहाला दत्तक घेतले, त्याच्या लहानपणी कारभार पाहिला आणि पतीची समाधी बांधली. चंद्रपूरचे महाकाली मंदिर तिच्याच नावाशी निगडित आहे. गॉथांकडे अमलसुंथाने मुलाच्या वतीने राज्य केले आणि इ. स. ५३५ मध्ये तिचा खून झाला. पुढच्या वर्षी अ‍ॅमल कुळाबाहेरचा विटिगिस राजा झाला, तेव्हा आपला हक्क पक्का करण्यासाठी त्याने तिच्या मुलीशी, मतसुंथेशी, लग्न केले. यादीत विटिगिसचे नाव येते. त्याचा हक्क मतसुंथेकडून आलेला होता.

राज्य गेल्यावर वंशावळ कोठे राहते?

फ्रँकांचा शेवटचा मेरोविंगियन राजा इ. स. ७५१ मध्ये पदच्युत झाला. या कुळाची खूण म्हणजे राजाचे लांब केस. ते कापून त्याला मठात धाडण्यात आले. त्यानंतर बरोबर एक हजार वर्षांनी नीळकंठशाहाचे राज्य गेले. हा केवळ योगायोग आहे. मात्र पुढे काय झाले, यातला फरक महत्त्वाचा आहे. इटलीतील गॉथांचे राज्य बुडाल्यावर काही पिढ्यांत त्यांची भाषाही तेथून नाहीशी झाली. त्यांचे पूर्वज आज लॅटिन ग्रंथात आहेत. त्यांना आपले म्हणणारे घर इटलीत उरलेले नाही.

आपल्याकडे असे झाले नाही. कारण गोंडांची खरी वंशावळ राजवाड्यात नव्हती, ती परधानांच्या कंठात होती. प्रत्येक गोंड कुळाचा परंपरागत परधान असतो. पेर्सापेनाच्या उत्सवात तो किकरीच्या साथीने कुळाची कथा गातो आणि यजमानाकडून दान घेतो. पहांदी कुपार लिंगाल आणि जंगूबाई यांनी गुहेत कोंडलेल्या गोंडदेवांना कसे सोडवले, त्यांचे चार, पाच, सहा आणि सात भावांचे सगे कसे झाले, कोणत्या कुळाचा कोणत्या सग्यात समावेश आहे, हे सारे त्या गायनात येते. १९४१ पासून आपल्या भागात राहून गोंडांचा अभ्यास करणाऱ्या हायमेनडॉर्फ यांनी १९४८च्या आपल्या ग्रंथात ही परंपरा सविस्तर नोंदवली. तिच्यात राजांच्या कारकिर्दींची गणती दुय्यम आहे. कोणाचे कोणाशी नाते आहे आणि कोणाशी लग्न होऊ शकते, हे तिच्यात मुख्य आहे.

मराठीच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष वाटावी. आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी. गायन मात्र गोंडीत. म्हणजे गोंडांचा मौखिक इतिहास पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांनी सांभाळला. या जिल्ह्यातील मराठीचा इतिहास लिहिताना शाळा, वृत्तपत्रे आणि कीर्तने यांच्याबरोबर या घरांनाही स्थान दिले पाहिजे.

ही परंपरा अजून जिवंत आहे. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी भेट घडवली जाते. त्याला ‘भेटींग’ म्हणतात. ज्या यादीत सुनेचा प्रवेश समारंभाने, साऱ्या कुळासमोर होतो, तशी यादी मला कॅसिओडोरसकडे दिसत नाही.

आज या वंशावळीचे काम काय?

वंशावळ ही केवळ अभिमानाची वस्तू राहिलेली नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियम १ जानेवारी २००८ रोजी अंमलात आले. रानातील जमिनीवरचा दावा सिद्ध करण्यासाठी कोणकोणते पुरावे चालतील, हे त्यांत सांगितले आहे. त्यात जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने आहेत. वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन आहे. आणि वंशावळही आहे. जुन्या भूमिअभिलेखांत ज्याचे नाव आहे, किंवा गावचा पूर्वीचा रहिवासी म्हणून जो मान्य झाला आहे, त्याच्यापर्यंत पोहोचणारी वंशावळ पुरावा म्हणून चालते. एकच पुरावा पुरत नाही, त्याला दुसऱ्याची जोड लागते. म्हणजे खुंट्याचा जो नियम आपण चिल्डेरिकच्या आणि बाबाजीच्या बाबतीत पाहिला, तोच येथे कायद्याने घातला आहे.

गाणारा परधान वृद्ध होतो, यजमान बोलवीनासा होतो, नातू शहरात जातो. मग एक-दोन पिढ्यांत सारे संपते. एकोणीस राजांची यादी छापलेली आहे, ती कोठे जात नाही. आपल्या शेजारच्या गुड्यातील एकोणीस घरांची यादी मात्र कोणी लिहिलेली नाही. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच की, आपल्या गावातील परधानाकडे आणि वडीलधाऱ्यांकडे जावे, ते सांगतील ती नावे त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावीत, सुनांची आणि लेकींची नावेही विचारावीत, आणि उतरवलेल्या वहीची एक प्रत त्यांच्याच घरी ठेवावी. कोणते नाव कोणत्या दप्तरात सापडते, हे तपासण्याचे काम शाळेला करता येईल. या व्याख्यानमालेच्या निमित्ताने त्याचा आरंभ झाला, तर ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचे स्मरण सार्थ होईल.