अंजिराचं झाड आणि इंग्रजीतलं ‘हॅव’

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अंजिराच्या झाडाची एक छोटी गोष्ट येते. द्राक्षमळ्यातलं झाड तीन वर्षं फळ धरत नाही, मालक ते तोडायला सांगतो, माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. बोधासाठी ती पुष्कळांनी वाचली असेल. मी अडकलो तो तिच्या पहिल्याच वाक्यातल्या क्रियापदापाशी. आपण मराठीत सरळ म्हणू की एका माणसाने झाड लावलं होतं. मूळ ग्रीक मात्र सांगतं की तो माणूस झाड बाळगून होता, लावलेलं: ‘एइखेन’ म्हणजे बाळगून होता आणि ‘पेफुतेउमेनेन’ म्हणजे लावलेलं. लॅटिन बायबलने शब्दाला शब्द ठेवत ‘हाबेबात’ आणि ‘प्लान्तातम’ केलं. इसवी सन ८३० च्या सुमारास जर्मनीतल्या फुल्डाच्या मठात शुभवर्तमानांच्या एका लॅटिन संकलनाचा जुन्या जर्मनमध्ये अनुवाद झाला. तिथे ‘हाबेता’ आणि ‘गिफ्लान्झोतन’ आलं. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘हॅड’ आणि ‘प्लांटेड’.

जर्मन भाषेचा इतिहास सांगताना फुल्डाचं ते वाक्य ‘लिहिलं आहे’ अशा परफेक्ट काळाच्या पहिल्या नमुन्यांत हटकून दिलं जातं. त्याच्या मागे लॅटिन आहे आणि लॅटिनच्या मागे ग्रीक. मग इंग्रजीतल्या ज्या प्रेझेंट परफेक्टपाशी आज अथेन्स आणि थेसालोनिकीतले विद्यार्थी अडखळतात, तो मुळात त्यांच्याच पूर्वजांकडून पश्चिमेला गेला का? माझं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. ते वादग्रस्त आहे हेही सांगितलं पाहिजे.

आधी शब्दांची कुळं पाहू. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेओ’ दिसायला सख्खी भावंडं, पण त्यांचं नातंच नाही. ‘हॅव’चं मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि लॅटिनमध्ये त्याचा भाऊबंद आहे ‘कापिओ’. ‘हाबेओ’चं नातं इंग्रजीतल्या ‘गिव्ह’शी लावतात. ग्रीक ‘एखो’ तर आपल्या घरचं निघतं: संस्कृत ‘सह्’ धातूचं ते भावंड. आपलं ‘सहन’ आणि ‘साहस’ त्याच मुळातून आलेलं. म्हणजे तीन भाषांनी तीन वेगवेगळ्या मुळांचे शब्द घेतले आणि एकच काम त्यांच्याकडून करून घेतलं. हा काळ वारशाने आलेला असता तर शब्दही वारशाने आले असते. तेव्हा दोनच शक्यता उरतात. प्रत्येकाला तो स्वतंत्रपणे सुचला, किंवा एकाचं पाहून दुसऱ्याने केला.

स्वतंत्रपणे सुचला, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं कच्चं नाही. ‘माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेलं’ इथून ‘मी पत्र लिहिलं आहे’ इथवर जायला माणसाला गुरू लागत नाही, असं ते म्हणतात. मग माझा प्रश्न असा: वाट इतकी सोपी असेल तर जगभर ती मळलेली का नाही? भाषाशास्त्रज्ञ ओस्टेन डाल आणि विवेका वेलुपिल्लै यांनी २२२ भाषा तपासल्या. १०८ भाषांत परफेक्ट सापडला, पण तो बाळगण्याच्या, मालकीच्या रचनेतून घडवलेल्या भाषा निघाल्या अवघ्या ७, आणि त्याही जवळपास सगळ्या युरोपच्या एका भागात दाटीने बसलेल्या. अशी दाटी मला शेजाराची खूण वाटते.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्रिजेट ड्रिंका यांनी २०१७ च्या ग्रंथात हाच धागा धरून ग्रीकपासून लॅटिन आणि लॅटिनपासून शार्लमेनच्या साम्राज्यातल्या भाषा असा प्रवास मांडला आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण सगळ्या टप्प्यांवर नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात सोफोक्लीसच्या नाटकांत ‘एखो’ आणि धातुसाधित अशी जोडी इतक्या वेळा येते की व्याकरणकारांनी त्या रचनेला त्याचंच नाव दिलं. तिथूनच उगम धरण्याचा मोह होतो. पण त्या जोडीतलं धातुसाधित कर्त्याचं आहे, कर्माचं नाही. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल: सोफोक्लीसची रचना आपल्या ‘बांधून ठेवलं’सारखी, तर अंजिराच्या झाडाची ‘लावलेलं होतं’सारखी. इंग्रजी परफेक्ट दुसऱ्या घराण्यातला आहे, म्हणून सोफोक्लीसला मी मूळपुरुष मानत नाही.

मग लॅटिनमध्ये ही दुसरी रचना कुठून आली? इसवी सनापूर्वी २०० च्या आसपास प्लॉटसच्या नाटकांत ‘हाबेओ’सोबत ‘मिळवलेलं’, ‘ठरवलेलं’ अशी धातुसाधितं दिसतात. मालकीचा अर्थ तिथे अजून जिवंत आहे. आणि प्लॉटस हा ग्रीक सुखात्मिका लॅटिनमध्ये बेतणारा नाटककार! ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. यावर प्रतिपक्ष म्हणेल, प्लॉटसची भाषा रोमच्या रस्त्यावरची होती आणि ग्रीकचा स्पर्श नसतानाही लोक तसं बोलत असतील. खरं आहे. शिवाय त्यांच्या हातात एक हुकमी पान आहे, तेही लूकचंच. पुढच्याच अध्यायात मेजवानीचं आमंत्रण नाकारणारे पाहुणे माफी मागतात, तिथे ‘एखो’च्या जोडीला ‘माफ केलेला’ अशा अर्थाचं धातुसाधित आहे. बरेच अभ्यासक त्याला लॅटिनची नक्कल मानतात. म्हणजे पहिल्या शतकात उसनवारी उलट दिशेनेही चालू होती. माझा अंदाज असा की दोन्ही भाषा बोलणाऱ्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी ही रचना तेव्हा दोन्हीकडे ये-जा करत होती. बीज ग्रीकांचं आणि मशागत रोमनांची, असं मी म्हणेन.

मालकीच्या अर्थावरून वाद पूर्वेलाही झाला आहे. मराठीत बाळगण्याचं क्रियापद परफेक्टच्या कामी येत नाही. आपण ‘त्याने लिहिलं आहे’ म्हणतो. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तून शिलालेखात ‘मना कर्तम्’ अशी रचना येते, संस्कृत ‘मया कृतम्’च्या जवळची. भाषाशास्त्रज्ञ एमिल बांवेनिस्त यांनी १९५२ मध्ये तिचा अर्थ मालकीचा लावला: केलेलं माझं आहे. जॉर्ज कार्डोना यांनी १९७० मध्ये तो खोडला आणि ‘माझ्याकडून केलेलं’ हाच अर्थ लावला. आपल्या ‘त्याने’तल्या तृतीयेकडे पाहता मला कार्डोनांचं म्हणणं पटतं.

तिकडे ग्रीसमध्ये काय झालं? प्राचीन ग्रीकचा स्वतःचा परफेक्ट होता, संस्कृतच्या ‘चकार’सारखा, पहिलं व्यंजन दुणावून केलेला. त्यातलं ‘ओइदा’ हे द्विरुक्तीविना राहिलेलं रूप म्हणजे ‘मला ठाऊक आहे’, आणि संस्कृत ‘वेद’ हे नेमकं तेच रूप. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हा काळ साध्या भूतकाळात विरून गेला. आजचा ग्रीक माणूस ‘एखो ग्राप्सी’ म्हणतो, वरवर पाहता ‘आय हॅव रिटन’सारखं. साहजिकच वाटतं की अंजिराच्या झाडाची ही घरची फांदी असावी. तसं नाही. यातलं ‘ग्राप्सी’ हे ‘लिहिलेलं’ नव्हे. ते ‘लिहिणे’ या जुन्या भाववाचक रूपाचा अश्मीभूत अवशेष आहे. बाकी सगळीकडे प्रमाण ग्रीकने ते रूप टाकून दिलं, फक्त या काळात ते टिकलं. मध्ययुगात ‘एखो’ आणि हे रूप मिळून भविष्याचा अर्थ निघे, आणि भूतकाळी ‘इखा’ जोडलं की ‘लिहिलं असतं’. त्या ‘असतं’मधून हळूहळू ‘लिहिलं होतं’ आलं, आणि वर्तमानातलं ‘एखो ग्राप्सी’ त्यानंतर कितीतरी काळाने, त्या भूतकाळी रूपाच्या धर्तीवर बनलं. १२०४ नंतर पेलोपोनीसवर फ्रँक सरदारांचं आणि क्रीटवर १६६९ पर्यंत व्हेनिसचं राज्य होतं. त्यांच्या बोलीतला परफेक्ट कानावर पडत राहिल्याने या बदलाला बळ मिळालं, असं काही जण मानतात. मला ते पटतं, कारण शतकानुशतकांच्या शेजाराशिवाय ‘असतं’चं ‘होतं’ होऊन थांबलं असतं. पुढे ‘आहे’पर्यंत जायची गरज नव्हती.

ग्रीक विद्यार्थ्यांची अडचण इथे उलगडते. शाळेत इंग्रजी आणि ग्रीक या दोन्ही परफेक्टना एकच नाव आहे, ‘पाराकीमेनोस’. क्रीटला कधी गेला आहेस का, अजून जेवलो नाही, अशी वाक्यं दोन्ही भाषांत सारखी जुळतात, म्हणून भरवसा वाढतो. मग पोस्टमन दारात येतो. इंग्रज म्हणेल ‘हॅज कम’, ग्रीक साधा भूतकाळ वापरतो. आणि ‘दहा वर्षं इथे राहतो’ याला ग्रीकमध्ये साधा वर्तमानकाळ लागतो, अगदी मराठीसारखा. म्हणून पुण्यातला आणि पात्रासमधला विद्यार्थी इंग्रजीत इथे हमखास चुकतात. ग्रीक परफेक्ट ‘लिहिलं होतं’च्या पोटी जन्मला म्हणून त्याला चालू असलेली गोष्ट पेलत नाही, असं सांगावंसं मला वाटतं. पण जर्मन आणि फ्रेंचही इथे वर्तमानकाळच वापरतात, आणि त्यांचा परफेक्ट तर अंजिराच्या झाडाच्या थेट वंशातला आहे. तेव्हा इथे वेगळी वाट धरली ती इंग्रजीने. स्वीडिश तिच्यासोबत आहे, म्हणून मी हा उत्तर समुद्राच्या दोन्ही काठांवरचा विकास समजतो. ‘काल’ या शब्दाशी इंग्रजी परफेक्टचं वाकडं आहे तेही असंच उशिरा पक्कं झालेलं. फ्रेंचचा परफेक्ट ‘काल’सोबत बिनदिक्कत नांदतो.

सायप्रसच्या पारंपरिक बोलीत तर हा काळ परकाच आहे. अथेन्सचा माणूस जिथे ‘एखो ग्राप्सी’ म्हणेल तिथे तिथले जुने लोक साध्या भूतकाळावर भागवतात, आणि नवी पिढी तो शाळेतून, वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून उचलते आहे. निकोसियातल्या मुलाला त्यामुळे हा काळ दोनदा शिकावा लागतो, एकदा अथेन्सच्या ग्रीकसाठी आणि एकदा इंग्रजीसाठी.