रोझाचा कुंचला आणि सहा महिन्यांचा परवाना

बैल मारका की गरीब, हे आपण त्याच्या डोळ्यांवरून आणि कानांवरून ओळखतो. अशीच नजर असलेल्या एका चित्रकर्तीची गोष्ट आज सांगते.

रोझा बोनर १८२२ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात जन्मली. तिला वाचायचा कंटाळा, पण चित्रं काढायची भारी हौस. मग आईने प्रत्येक अक्षरासाठी एकेक प्राणी काढायला लावला. तशी ती अक्षरं शिकली. अकरा वर्षांची असताना आई गेली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून चित्रकार वडिलांनीच तिला शिकवलं.

तिच्याकडे हत्यारं होती ती इतरांसारखीच. डुकराच्या राठ केसांचे कुंचले, तेलात खललेले रंग. पूर्वी हे रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. १८४१ साली कथलाच्या नळीचा शोध लागला. झाकण लावलं की रंग वाळत नसे, त्यामुळे तो बाहेर नेणंही सोपं झालं.

पण जनावर हुबेहूब काढायचं तर कातडीखालची हाडं आणि स्नायू ठाऊक हवेत. त्यासाठी रोझा कत्तलखान्यात जाई, गुरांच्या बाजारात फिरे. तिथे पायघोळ झगा चिखलात लोळायचा, शिवाय लोकांच्या नजरा आणि टोमणे. पँट घालावी, तर पॅरिसमध्ये बाईला त्यासाठी पोलिसांचा परवाना लागे! रोझाचा १८५७ सालचा परवाना आजही जपून ठेवलेला आहे. कारण ‘प्रकृतीचं’, खाली डॉक्टरची सही, मुदत फक्त सहा महिने. नाटकाला किंवा नाचाच्या समारंभाला मात्र त्या कपड्यांत जायची मनाई.

त्याच वेषात ती दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, घोड्यांच्या बाजारात जाऊन रेखाटनं करत राहिली. त्यातून ‘घोडेबाजार’ हे ८ फूट उंच आणि साडेसोळा फूट रुंद चित्र उभं राहिलं. ते आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्याआधी, १८४९ साली, तिने नांगरणीचं चित्र काढलं होतं. त्यात माणसांपेक्षा बैलच ठळक दिसतात, आणि त्यातला एक तर थेट आपल्याकडे बघतो.

१८६५ साली फ्रान्सची सम्राज्ञी स्वतः तिच्या घरी आली आणि तिला देशाचा मोठा सन्मान दिला. हा सन्मान मिळवणारी ती पहिली महिला कलाकार. तो देणाऱ्या त्याच देशात पँटसाठी मात्र परवाना लागतच होता.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकमेकींना जरूर विचारा: आपलं काम कशावाचून अडलंय, अवजारावाचून की कुणाच्या परवानगीवाचून?