सांवेर रोडचा फोटो कोणी काढला?

गणपतीत नातलग जमले की घरोघरी जुने अल्बम कपाटातून बाहेर येतात. आजोबांची पगडी, आजीची नऊवारी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. माणसे सापडतात, पण आपली वाडवडील मंडळी ज्या रस्त्यांनी आली-गेली, ते रस्ते त्यांत क्वचितच दिसतात. म्हणून यंदा सांवेर रोडविषयी लिहावेसे वाटले.

होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे उज्जैन यांना जोडणारी ही वाट. १८०१ मध्ये तिच्या दोन्ही टोकांना मराठ्यांनीच मराठ्यांवर शस्त्र उचलले. जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. पुढे याच दोन गावांत आपल्या सोयरिकी जुळल्या.

मग रेल्वे आली. दुसऱ्या तुकोजीरावांनी तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. इंदूरहून उज्जैनला जाणारे रूळ मात्र एक फतेहाबादवरून आणि दुसरे देवासवरून गेले. सांवेर रस्त्याचेच गाव राहिले.

त्याच तुकोजीरावांच्या काळात इंदूरच्या बांधकाम खात्यात दीनदयाळ नावाचे नकाशे काढणारे कर्मचारी होते. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, शिकलेले रुडकीला. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. ज्यांच्या नावाने आपले डेली कॉलेज आहे, त्या सर हेन्री डेलींनी आणि तुकोजीरावांनी त्यांना उत्तेजन दिले. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन ते ग्वाल्हेर, खजुराहो, सांची असे मध्य हिंदुस्थानभर फिरले. १८८६ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ लेपेल ग्रिफिन यांच्या मजकुरासह निघाला. पुढे निजामाने त्यांना ‘राजा’ किताब दिला. नकाशे काढणाऱ्याची ती नजर होती. ढासळत चाललेली इमारत आज कशी उभी आहे, याची नोंद त्यांनी वेळेवर करून ठेवली.

अशी नोंद आता सांवेर रोडची हवी. बाणगंगेच्या पुढे कारखाने आणि गोदामे उभी राहिली, शेते मागे सरकली. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनचा हा रस्ता सहापदरी होत आहे. रस्ता रुंद व्हावा, त्याला आमची हरकत नाही. पण कडेची झाडे, चहाची टपरी, वळणावरचा मारुती आज जसा आहे, तसा उद्या दिसेलच असे नाही.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्यापैकी कितीजण महाकालाच्या दर्शनाला याच रस्त्याने जातात! जाताना दोन ठिकाणी थांबावे, फोटो काढावा, ठिकाणाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. घरी या रस्त्याचा एखादा जुना फोटो असेल, तर तोही शोधावा. पुढच्या गणपतीला हे सारे मांडवात एकत्र लावू. आपली नातवंडे कधीतरी विचारतीलच, की आपण कुठून कसे आलो. तेव्हा त्यांना माणसांबरोबर वाटही दाखवता आली पाहिजे.